गरोदरपणातला मधुमेह : घराने ताट कसे वाढावे

गरोदर स्त्रीच्या रक्तातली साखर वाढल्याचा अहवाल घरी आला, की त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन फेरफार होतात. तिच्या ताटातला भात आणि बटाटा जातो, आणि चहात साखरेऐवजी गूळ पडू लागतो. पहिल्या उपायाने फार काही साधत नाही आणि दुसरा तर सरळ चुकीचा आहे, कारण गूळ, काकवी आणि मध हे तिघेही रक्तातली साखर साखरेसारखेच वाढवतात. मी गेली अनेक वर्षे नाशिकमध्ये गरोदर स्त्रियांना आहाराचा सल्ला देते आणि माझे मत आता पक्के झाले आहे : ही साखर आटोक्यात ठेवणे एकट्या त्या मुलीला जमत नाही. पीठ कोण मळते, बाजार कोण करते, तिला जेवायला किती वाजता बसायला मिळते, यांवर बरेचसे ठरते. म्हणून हा लेख मी तिच्या नवऱ्यासाठी, सासूबाईंसाठी, आईसाठी आणि जावांसाठी लिहीत आहे. तिने स्वतः वाचला तर उत्तमच.

आधी कारण समजून घ्यावे

गर्भारपणात वारेतून (प्लॅसेंटामधून) अशी संप्रेरके स्रवतात, की ज्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. बाळाला साखरेचा पुरवठा अखंड राहावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते, पण काहींचे तेवढे पुरे पडत नाही आणि साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून साखर चढू लागते. ‘तू पेढे खाल्लेस म्हणून हे झाले’ असे तिला कोणी म्हणत असेल, तर ते आजच थांबवावे. ते खरे नाही, आणि त्या वाक्याचा परिणाम पुढे ताटावर होतो.

आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड जास्त काम करू लागते, बाळ प्रमाणाबाहेर पोसले जाते, बाळंतपण अवघड होऊ शकते आणि जन्मानंतर पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम खाली येण्याची भीती राहते. हे सगळे टाळता येण्यासारखे आहे. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्याच तपासणीच्या वेळी, जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी साखर मोजतात. ती १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक आली तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. पहिल्या वेळी कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासणी पुन्हा करायची असते, आणि ही दुसरी तपासणी ‘मागच्या वेळी ठीक होती’ म्हणून कधीही चुकवू नये.

निदान झाल्यावर रोजच्या मोजणीत गाठायचे आकडे सर्वसाधारणपणे असे असतात : उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली, आणि दोन तासांनी १२० च्या खाली. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत, विशेषतः दिवस राहण्याच्या आधीपासूनच मधुमेह असलेल्या स्त्रीच्या बाबतीत.

भाकरी एकच, पण केवढी?

सिन्नरकडच्या एका घरातल्या सासूबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. जेवणानंतरची साखर रोज १७० च्या पुढे जात होती. ‘अहो मॅडम, ती जेवायला एकच भाकरी घेते, भाताला तर शिवतही नाही,’ असे त्या कळवळून सांगत होत्या आणि त्यात एक अक्षर खोटे नव्हते. मी त्यांना म्हटले, पुढच्या वेळी येताना एका भाकरीला जेवढे पीठ घेता तेवढे डब्यात भरून आणा. त्यांनी आणले आणि काट्यावर ठेवले, तर बाजरीचे पीठ भरले ११० ग्रॅम. म्हणजे त्या एका भाकरीतून तिच्या पोटात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके एकदम जात होती. त्यांनी भाकरी बंद केली नाही. गोळा निम्मा केला. दुपारी एक लहान भाकरी, सोबत मुगाची घट्ट आमटी आणि वाटीभर मेथी असे ताट केले, आणि उरलेली भाकरी तिला संध्याकाळी पाचला दह्याबरोबर दिली. दिवसभराचे पीठ तेवढेच राहिले, साखर मात्र आठवड्याभरात उतरली.

सगळ्या आहाराचे मर्म या प्रसंगात आहे. कर्बोदके बंद करायची नसतात, ती दिवसभरात वाटायची असतात. आहारतज्ज्ञ १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा धरतात. एक लहान पातळ पोळी म्हणजे एक वाटा, शिजलेला भात लहान वाटीची अर्धी वाटी म्हणजे एक वाटा, आणि ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे साधारण दोन वाटे. पावात २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणून तो दीड वाटा धरावा. मुख्य जेवणात दोन ते तीन वाटे आणि मधल्या खाण्यात एक ते दोन वाटे एवढे बहुतेक स्त्रियांना चालते. वजन, महिना आणि औषध पाहून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ही संख्या ठरवून देतात. घरच्यांनी पहिला आठवडा पीठ आणि तांदूळ काट्यावर मोजावेत. आठवड्यानंतर हाताला अंदाज येतो आणि काटा कपाटात गेला तरी चालतो.

ताटाची डावी-उजवी बाजू विसरून निम्मे ताट भाज्या, कोशिंबीर आणि पालेभाजी यांनी भरावे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा पनीर यांना द्यावे आणि उरलेल्या चौथ्या भागात भाकरी किंवा भात वाढावा. भाजी म्हणजे गिलके, दोडके, कोबी, फ्लॉवर, शेपू, चाकवत, तांदुळजा, गवार, वांगे. बटाटा, रताळे आणि साबुदाणा यांना भाजीत न मोजता भाकरीच्या हिशेबात धरावे. आधी कोशिंबीर आणि उसळ खायला घेऊन मग भाकरीला हात घातला, तर साखर सावकाश चढते, हे अनेकींच्या वहीत मी पाहिले आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तिला नेहमीपेक्षा रोज २२ ग्रॅम अधिक प्रथिने लागतात. पातळ वरणाच्या पाण्याने ती भरून निघत नाहीत. आमटी घट्ट असावी, आणि शेतावर जाणाऱ्या गड्यासाठी राखून ठेवलेले उकडलेले अंडे त्या दिवसांत आधी तिच्या ताटात पडावे.

सकाळचा नाश्ता

सकाळची वेळ सर्वांत अवघड, कारण त्या वेळी शरीरातली इतर संप्रेरके चढलेली असतात आणि इन्सुलिन सर्वांत कमी दाद देते. रात्री एका पोळीने जी साखर १२० वर राहते, तीच सकाळी त्याच पोळीने १५० वर जाऊ शकते. म्हणून पोहे, उपमा, शिरा, चहा-टोस्ट आणि चहा-खारी हे आपले नेहमीचे नाश्ते या काळात जड जातात. मुगाचे किंवा बेसनाचे धिरडे, भाजणीचे छोटे थालीपीठ दह्याबरोबर, दोन अंड्यांचे ऑम्लेट आणि एक लहान पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, यांतले काहीही चालते. पोहेच करायचे असतील तर मूठभर पोह्यांत तेवढेच मटार, भरपूर कांदा आणि शेंगदाणे घालावेत आणि सोबत अंडे किंवा वाटीभर दही द्यावे.

आता मिसळीचे सांगितलेच पाहिजे, कारण रविवारची मिसळ सोडा असे नाशिककराला सांगणे मला जमत नाही आणि तशी गरजही नाही. मिसळीतली मटकी हा गरोदर स्त्रीसाठी उत्तम पदार्थ आहे. साखर वाढते ती दोन-तीन पावांनी, मूठभर फरसाणाने, तळलेल्या पापडाने आणि शेवटी मागवलेल्या जिलेबीने. घरी मटकी करावी, तर्री हलकी ठेवावी, फरसाणाऐवजी चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि भाजलेले शेंगदाणे घालावेत, वर लिंबू पिळावे आणि पाव एकच घ्यावा. सगळे घर मिसळ खात असताना तिच्यापुढे दलियाची वाटी ठेवली, तर ती दलिया खाईल, पण दुपारी एकटी असताना डब्यातला चिवडाही खाईल.

नागली, द्राक्षे आणि ‘पौष्टिक’ म्हणून येणारे पदार्थ

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतल्या घरांत नागली, म्हणजे नाचणी, असतेच, आणि १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असल्याने ती गरोदरपणात मोलाची आहे. पण तीच नागली कशी खाल्ली यावर साखर ठरते. नागलीची भाकरी उडदाच्या आमटीशी खाल्ली तर चांगली. नागलीचे सत्त्व काढून, म्हणजे कोंडा गाळून, गुळात शिजवलेली पातळ खीर मात्र घशाखाली उतरते न उतरते तोच साखर चढवते. हेच सत्त्व ‘गरोदर बाईला ताकद येते’ म्हणून सकाळी उपाशीपोटी दिले जाते, हे मला अनेकदा थांबवावे लागले आहे. इगतपुरीकडे भात हेच मुख्य अन्न असेल तर भात बंद करू नये. मोजून वाढावा, मऊ गुरगुट्या न करता मोकळा शिजवावा आणि त्याच्यासोबत डाळ व पालेभाजी भरपूर असावी.

जानेवारी ते एप्रिल आपल्या जिल्ह्यात द्राक्षांचे दिवस. निफाड-दिंडोरीच्या नातेवाइकांकडून पेट्या येतात आणि टोपलीतून येता-जाता घड तोडला जातो. मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रीने द्राक्षे खाऊ नयेत असे नाही, पण १५ ते १७ मण्यांचा एक वाटा होतो. तेवढे मणी मोजून वाटीत घ्यावेत, सकाळच्या नाश्त्यासोबत न घेता दुपारच्या मधल्या खाण्यात मूठभर शेंगदाण्यांबरोबर खावेत आणि टोपली तिच्या नजरेसमोरून हलवावी. बेदाण्यांत तीच साखर आटून आलेली असते, त्यामुळे दोन मोठे चमचे बेदाणे म्हणजे तेवढीच द्राक्षे. पेरू हे या काळातले माझे आवडते फळ आहे : एक मध्यम पेरू बियांसकट चावून खाल्ला तर पोट भरते आणि साखर सावकाश चढते. डाळिंबाचे दाणे खावेत, रस काढू नये. कोणत्याही फळाचा रस, अगदी घरी काढलेला बिनसाखरेचा असला तरी, या दिवसांत टाळावा.

आणि एक गोष्ट : जेवणावर लगेच चहा देऊ नये, कारण त्याने अन्नातले आणि गोळीतले लोह नीट शोषले जात नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये.

वेळा

तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन लहान खाणी, असा दिवस बांधावा. दोन खाण्यांत साधारण तीन तासांचे अंतर असावे. रात्रीच्या जेवणानंतर झोपण्यापूर्वी कपभर बिनसाखरेचे दूध, किंवा अर्धी पोळी आणि थोडे पनीर, असे काहीतरी घ्यावे, म्हणजे रात्रभराच्या उपासाचा ताण पडत नाही. ‘साखर वाढते म्हणून मी रात्री जेवतच नाही’ असे सांगणाऱ्या मुली भेटतात. त्यांना मी कळकळीने थांबवते, कारण पोट रिकामे राहिले की शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन वाढतात आणि ते बाळासाठी चांगले नाही. गर्भारपणात वजन उतरवण्यासाठी उपाशी राहायचे नसते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या मुलींची खरी अडचण वेळेचीच आहे. सकाळची पाळी असेल तर घरून निघताना ती रिकाम्या पोटी निघते आणि सुट्टीत कॅन्टीनचा वडापाव खाते. अशा घरात नवऱ्याने रात्रीच डबा भरून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे : एका डब्यात धिरडे किंवा पोळी-अंडे, दुसऱ्यात भाकरी-उसळ, आणि पर्समध्ये कायम राहणारी फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बाजारातून आठवड्याच्या पालेभाज्या आणणे, त्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे, मटकी-हुलगे भिजत घालणे, ही कामे इतरांनी उचलली तर निम्मा आहार तिथेच सांभाळला जातो. सातव्या-आठव्या महिन्यात ओट्याशी तासभर उभे राहून स्वतःसाठी वेगळी भाजी करण्याचे त्राण कुणातच नसते.

प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे साखरेवर औषधासारखे काम करते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर अंगणात, गच्चीवर, गल्लीत चालावे, आणि कुणीतरी सोबत चालावे.

उपास, डोहाळजेवण आणि सण

चतुर्थी, एकादशी आणि नवरात्र हे तीन प्रसंग सांभाळायचे असतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडीच्या एका बशीने जी साखर चढते ती उतरायला दुपार जाते, आणि निर्जळ उपास तर इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीसाठी धोक्याचाच आहे. या नऊ महिन्यांत उपास करू नये, असेच मी स्पष्टपणे सांगते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘देवाला चालते, तू जेव’ असे आपल्या तोंडाने म्हणावे, कारण ती परवानगी तिला डॉक्टरपेक्षा त्यांच्याकडून हवी असते. तरीही तिचे मन राहत नसेल तर भगर मोजून, शेंगदाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर असे ताट करून ठरलेल्या वेळांना द्यावे.

डोहाळजेवणात पाच गोडाचे पदार्थ मांडण्याऐवजी तिला खरोखर आवडणारा एकच करावा, तो तिने जेवणाच्या शेवटी दोन घास खावा आणि त्या वेळी भाकरी-भात तेवढा कमी घ्यावा. ओटीत फळे, शेंगदाणे, सुकामेवा घालता येतो. तिला आग्रह करायला येणाऱ्या प्रत्येक बाईला दारातच सांगण्याचे काम सासूबाईंनी करावे. ते काम सुनेला करायला लावू नये.

वहीतले खरे आकडे

एका मुलीची वही मला अजून आठवते. पंधरा दिवसांचे सगळे आकडे एकाच शाईने, एकसारख्या अक्षरांत लिहिलेले : ९२, ९१, ९४, ११८, ११६. ग्लुकोमीटरच्या आठवणीत मात्र १६५ आणि १८० होते. विचारल्यावर ती रडू लागली. आकडा वाढलेला दिसला की घरात बोलणी बसत, म्हणून ती चांगले आकडे लिहीत होती. त्या पंधरा दिवसांत तिला इन्सुलिनची गरज होती आणि ते मिळाले नाही. म्हणून सांगते, वाढलेला आकडा पाहून पहिला प्रश्न ‘काय खाल्लेस?’ असा नसावा. ‘जेवायला उशीर झाला होता का, झोप झाली का, आपण भाकरी केवढी केली होती?’ असे विचारावे आणि उत्तर वहीत आकड्याशेजारी लिहावे. डॉक्टरांना त्या नोंदीतून खरी मदत होते.

दोन आठवडे नेटका आहार आणि चालणे करूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्यावर राहिली, तर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. त्यात आहार फसला असे काही नाही. वारेचा जोर जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. इन्सुलिन सुरू झाल्यावर मात्र जेवणाची वेळ टळता कामा नये. घाम सुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर लगेच साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, बरे वाटल्यावर पोळी-भाजीसारखे खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. साखरेची पुडी तिच्या पर्समध्ये, उशाशी आणि नवऱ्याच्या खिशात असावी.

बाळंतपणानंतर

वार पडली की बहुतेक स्त्रियांची साखर लवकरच पूर्वपदावर येते आणि घरात डिंकाचे, आहाळिवाचे लाडू वळायला घेतात. लाडू द्यावेत, पण लिंबाएवढे वळावेत, दिवसाला एक द्यावा आणि तेवढ्याने तिचे जेवण झाले असे समजू नये. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे, कारण लवकर आणि वारंवार पाजल्याने बाळाची साखर खाली जाण्याचा धोका घटतो. बाळंतिणीला दूध पाजण्यासाठी भूक जास्त लागते, तेव्हा उसळी, अंडी, बाजरीची भाकरी, शेपू-मेथी यांनी ती भागवावी.

सहा आठवड्यांनी आईची ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते, आणि बाळाच्या लसीकरणाची धावपळ, माहेरची मुदत यांत नेमकी तीच राहून जाते. अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून ती चाचणी आणि त्यानंतर वर्षातून एकदा साखर तपासणे चुकवू नये. बाळाचा सहाव्या आठवड्याचा लसीचा डोस ज्या दिवशी असेल, त्याच दिवसाची तारीख आईच्या चाचणीसाठी आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.